हप्ता मित्राचा, सही तुमची

प्रश्न : वय ३१. चार वर्षांपासून दुबईत एका हॉटेलच्या नाइटक्लबमध्ये रेसिडेंट डीजे आहे. करारातला पगार ९,००० दिरहम (मूळ पगार ४,०००, बाकी भत्ते). बाहेरचे कार्यक्रम धरून महिन्याला १४,००० होतात. स्वतःचा खर्च ४,५००, घरी ३,००० पाठवतो. भारतात जुन्या बचत खात्यात १२ लाख रुपये आहेत. एका सल्लागाराने २५ वर्षांचा सेव्हिंग प्लॅन सुचवलाय : महिना २,००० दिरहम, शेवटी दीड कोटी रुपये नक्की. घ्यावा का? आमची टीम म्हणजे कुटुंबच आहे. बाबांच्या बायपासच्या वेळी पाच जणांनी एका दुपारीत ८,००० दिरहम जमवून दिले. त्यातल्याच लाइटवाल्या मित्रासाठी मी चौदा महिन्यांपूर्वी माझ्या नावावर ६०,००० चं पर्सनल लोन काढलं. तो आता दोहाच्या क्लबमध्ये असतो, पण हप्ता वेळेवर पाठवतो, म्हणून ते खर्चात धरलेलं नाही. तसेही ग्रॅच्युइटीचे ३६,००० येतीलच.

उत्तर : प्लॅन घेऊ नका. महिना २,००० म्हणजे वर्षाला २४,००० आणि २५ वर्षांत ६ लाख दिरहम. एका दिरहमचे २४ रुपये धरले तर १ कोटी ४४ लाख. म्हणजे तुमचेच पैसे पाव शतकाने तुम्हाला परत मिळणार आणि त्यालाच सल्लागार कमाई म्हणतोय. शिवाय अशा बऱ्याच प्लॅनमध्ये सुरुवातीचे हप्ते बराच काळ अडकतात. मध्येच थांबलात तर सर्वात मोठा फटका त्यांनाच बसतो. तुमचा करार किती वर्षांचा? व्हिसा त्या करारावर. ज्याला पुढच्या तीन वर्षांची खात्री नाही, त्याच्या गळ्यात २५ वर्षांचा हप्ता बांधणाऱ्याने तुमचं काम काय आहे हे विचारायचीही तसदी घेतलेली दिसत नाही.

हा विषय इथेच संपला. तुम्ही न विचारलेली गोष्ट याहून गंभीर आहे.

तुमच्या नावावर कर्ज आहे. मित्राच्या नाही. हप्ता कोण पाठवतो याच्याशी बँकेला काहीही देणंघेणं नाही. दहा टक्क्यांच्या आसपास व्याज आणि ४८ महिने धरले तर हप्ता साधारण १,५००, आणि अजून ४५,००० बाकी असावेत. तो मित्र आता वेगळ्या देशात, वेगळ्या कायद्याखाली राहतो. कर्जाच्या कागदावर त्याचं नावही नाही. उद्या त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा घरी परतला, तर तुम्हाला बँकेसमोर बोट दाखवायला कुणी उरत नाही. मी त्याच्या हेतूवर शंका घेत नाही. चौदा महिने वेळेवर हप्ता भरणारा माणूस चांगलाच आहे. पण चांगल्या माणसाचीही नोकरी जाते, आणि क्लबच्या धंद्यात ती पटकन जाते.

आता नोकरी तुमची गेली असं समजा. पगार जिथे जमा होतो त्याच बँकेचं कर्ज असेल, तर शेवटचा हिशेब खात्यात आल्यावर बँक साधारणपणे तो अडवून ठेवते आणि आधी स्वतःची बाकी वळती करते. थकलेल्या कर्जासाठी कोर्टाकडून प्रवासबंदीही लागू शकते. घरी काही तातडीचं झालं आणि तुम्हाला विमानतळावरून परत पाठवलं, ही वेळ मला तुमच्यावर आलेली नको आहे.

ग्रॅच्युइटीचा आधारही काढून टाका. तुम्ही वर्षाला एक पूर्ण पगार धरलात : ९,००० गुणिले चार. युएईच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार मिळतो आणि तोही फक्त मूळ पगारावर. ४,००० वर २१ दिवसांचे २,८००. चार वर्षांचे ११,२००. ज्या ३६,००० वर तुम्ही निश्चिंत आहात त्याचा हा तिसरा हिस्साही नाही.

महिन्याचे १४,०००सुद्धा बाराही महिने येत नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. उन्हाळ्यात उघड्यावरच्या जागा बंद होतात. रमजानमध्ये नाचगाणं बरंच कमी होतं, आणि सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन सीझनमध्ये येतोय. बाहेरचं काम सहा महिने धरा. वर्षाचे १ लाख ६८ हजार नव्हे, १ लाख ३८ हजार. बाहेरचं काम नसलेल्या महिन्यांत ९,००० मधून ७,५०० गेले की उरतात १,५००. म्हणजे मित्राच्या हप्त्याइतकेच. त्याने एक महिना हप्ता चुकवला की तुमचा हात रिकामा. त्यात २,००० चा प्लॅन बसवायचा कुठे? (आणि बाहेरच्या त्या रात्रींसाठी वेगळं परमिट आहे ना? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर आधी ते काढा, नाहीतर ५,००० साठी ९,००० ची नोकरी पणाला लागते.)

तुमच्या टीमबद्दल तुम्ही लिहिलंत (वर छापताना ते कापावं लागलं) ते मी दोनदा वाचलं. तुम्ही नवीन असताना भर सेटमध्ये मिक्सरचा एक चॅनल गेला, लाइटवाल्याने सगळा हॉल लुकलुकत्या स्ट्रोब दिव्यांवर नाचवत ठेवला, तेवढ्यात साउंडवाल्याने टेबलाखाली शिरून केबल बदलली, आणि मॅनेजरला पत्ताही लागला नाही. परक्या देशात, पहाटे तीनला सुटणाऱ्या कामात अशी माणसं भेटणं ही मोठी गोष्ट आहे. ती जपा. म्हणूनच सांगतो, बाबांच्या वेळी त्या पाच जणांनी जे केलं ती खरी मदत होती : प्रत्येकाने आपल्या खिशातून, झेपेल तेवढं दिलं. बँक मध्ये नव्हती. कुणाच्या घरच्यांवर त्याचं ओझं आलं नाही. तुम्ही मात्र मित्राला पैसे दिले नाहीत, पुढची चार वर्षं दिलीत. यापुढे मदत करायची तर परत आले नाहीत तरी चालतील एवढी करा. सही कुणासाठीही नाही.

मित्राला या आठवड्यात फोन करा. त्याच्याकडून लेखी घ्या : रक्कम, बाकी, हप्त्याची तारीख, सही. खरा मित्र असेल तर वाईट वाटून घेणार नाही. दोहात स्वतःच्या नावावर कर्ज मिळत असेल तर त्याने ते घेऊन तुमचं फेडावं. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क युएईत बाकीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे ४५० दिरहमच्या आसपास. हे जमलं नाही तर तुमची एका वर्षाची शिल्लक, सीझनचे सहा महिने ६,५०० आणि इतर सहा महिने १,५००, मिळून ४८,००० होते. ती एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवण्यासाठी अनिवासी भारतीयाचं भारतातलं खातं) बाजूला ठेवा आणि ती त्या कर्जाचीच समजा. वर्षभराने तो हप्ता थांबला तरी तुम्हाला झोप लागेल.

भारतातले १२ लाख म्हणजे ५०,००० दिरहम, तुमचा आणि घरचा सहा महिन्यांहून थोडा जास्त खर्च. त्यांना हात लावू नका, फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठीही नाही. मात्र ते साध्या बचत खात्यात आहेत. परदेशात नोकरीला गेल्यावर ते खातं एनआरओ (भारतातल्या पैशांसाठी अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्यावं लागतं, चार वर्षं राहून गेलंय, करून टाका. आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा साधा टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, त्यानंतर.

एक खर्च मात्र आजच करा : कानाच्या मापाने बनवलेले इअरप्लग. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचा एक सेट किती तासांचा असतो? कमाईचं सगळं भांडवल त्या दोन कानांत आहे, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आणि कराराचं नूतनीकरण येईल तेव्हा एकूण आकड्यावर खूश होऊन सही करू नका. भत्त्यातले २,००० मूळ पगारात वळवून मागा. ग्रॅच्युइटी त्याच्यावरच मोजली जाते. नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या सक्तीच्या विम्याचंही तसंच : मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. आज ते २,४०० होतात, मूळ पगार ६,००० झाला तर ३,६००. मालकाला त्या महिन्यात एक दिरहमही जास्त द्यावा लागत नाही, म्हणून हे मागायला संकोच नको.