डॅनिश भाषेचे उच्चार शिकायला सुरुवात कशी करावी?

स्पेलिंगवर विसंबू नका, आधी कान तयार करा. मराठी माणसाला इथे खरा फायदा आहे: शब्दाच्या सुरुवातीचा बी आपल्या 'प'जवळ, जी 'क'जवळ आणि के 'ख'जवळ जातो. 'टाक', म्हणजे धन्यवाद, यातला टी तर आपल्या 'चाक'मधल्या 'च'सारखा, फक्त जरा जास्त हकार देऊन.

कस लागतो तो 'स्टोड'मध्ये, म्हणजे शब्द म्हणता म्हणता घसा क्षणभर आवळण्यात. साधं 'हुन' म्हणजे 'ती'. तेच आवळून म्हटलं की कुत्रा!

मऊ डी, म्हणजे स्वरानंतर येणारा डी, म्हणताना जिभेचं टोक खालच्या दातांमागेच ठेवा. सुरुवातीला तो 'ल'सारखा ऐकू येईल, चालेल. 'डेन डान्स्के ओर्डबो' या मोफत ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकता येतात. ऐकून लगेच मोठ्याने म्हणा.