बाहेरचं पथक अभ्यासक्रमाचा आढावा घ्यायला येणार आहे. मागे पडलेल्या सरकारी मराठी शाळेनं तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे, पहिली ते सातवीचे वर्ग, शिक्षक तीन आणि त्यातले एक अतिथी, म्हणजे तात्पुरते नेमलेले शिक्षक. पथक यायला दोन महिने आहेत आणि मुलं मागे आहेत हे तुम्हालाही दिसतंय. मी याच भागात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. असे दोन आढावे झाले. पहिल्यात आम्ही चुकलो.

तेव्हा आम्ही भिंती रंगवल्या, तक्ते टांगले, टाचणवह्या रात्री जागून पुऱ्या केल्या आणि पाचवीच्या मुलांकडून एक धडा घोटून घेतला. पथकातल्या एका बाईंनी तो धडा ऐकला, पुस्तकाची चार पानं पुढं उलटली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या, "आता हे वाच." ती पुस्तकाकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं आणि मला ते वर्षभर माहीत नव्हतं. पथकानं काय शेरा लिहिला त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

म्हणून रंगाचा डबा आत्ता उघडू नका. पहिल्या आठवड्यात एकच काम करा. तिसरी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून दुसरीच्या मराठी पुस्तकातला, पाठ नसलेला उतारा मोठ्यानं वाचायला द्या. आपल्या वर्गाची तपासणी आपण करायची नाही, दुसऱ्या शिक्षकानं करायची. घरच्या माणसाचा हात सैल पडतो. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेचं माप हाताशी ठेवा: तिसरीच्या शेवटी मुलानं नवा मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ कळून वाचावा, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहाव्या-वाचाव्यात. सातवीतली काही मुलं या मापाखाली निघतील. निघू द्या. नावानिशी एका कागदावर लिहा.

वाचनापासूनच का, तर आपल्याकडच्या मुलावर लिप्यांचं ओझं आहे. मराठी माध्यम असलं तरी कन्नड शिकावीच लागते, आणि इंग्रजी पहिलीपासून. म्हणजे देवनागरी हातात बसायच्या आत कन्नड आणि रोमन अक्षरं समोर येतात. ज्या मुलाची देवनागरी पक्की आहे ते कन्नड लवकर उचलतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. जे कच्चं राहिलं ते तिन्हीकडं अडखळतं, आणि गणितात नापास दिसतं ते पुष्कळदा शाब्दिक उदाहरण वाचताच आलेलं नसतं म्हणून.

दुसरं काम अभ्यासक्रमाचा खरा नकाशा. प्रत्येक विषयाला एक मोठा कागद घ्या. घटक कोणता, तो वार्षिक नियोजनात कोणत्या महिन्यात होता, खरोखर कधी शिकवला, मुलांच्या वहीत त्याची खूण काय आणि किती जणांना आला. शिकवला नसेल तर "शिकवला नाही" असंच लिहा. शेजारी कारणही लिहा. आपल्या तालुक्यात जुलै-ऑगस्टात पावसाच्या सुट्या पडतात, कणकुंबी-जांबोटीकडं तर ओढे भरले की मुलं घराबाहेरच पडू शकत नाहीत, आणि रोपलावणीला मोठी मुलं शेतात असतात. प्रशिक्षणं, बैठका, मतदार यादीची कामं, यांत गेलेले दिवस हजेरीपटावरून मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत २०० आणि सहावीच्या पुढं २२० दिवस सांगितलेत. तुमचे प्रत्यक्ष किती झाले हा आकडा पथकापुढं तुम्हीच ठेवा.

आमच्या दुसऱ्या आढाव्याआधी या नकाशानं एक गोष्ट उघड केली. सहावीला दशांश अपूर्णांक येत नव्हते आणि आम्ही सहावीच्या शिक्षकांना दोष देत होतो. मागं मागं जात चौथीच्या कागदावर आलो तर अपूर्णांकाचा घटक दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या धांदलीत सापडून दोन दिवसांत उरकला जात होता. मुलांना विचारलं, १/२ मोठा की १/४? बहुतेकांनी १/४ सांगितला, कारण चार दोनपेक्षा मोठे. मग आम्ही तो घटक दसऱ्याच्या सुटीनंतर लगेच घेतला आणि शेर-पायलीवर शिकवला. भात मोजायची मापं अजून घराघरात आहेत. चार शेरांची पायली, म्हणजे एक शेर पायलीचा १/४ आणि दोन शेर १/२. मुलांनी तांदूळ ओतून बघितले. सहावी-सातवीलाही तेच पुन्हा दिलं. पथकानं आमच्या शाळेतली सगळ्यात जास्त वेळ बघितलेली गोष्ट ती होती: चूक कुठं सापडली, कशी दुरुस्त केली आणि आधीच्या-नंतरच्या वह्या.

दोन महिन्यांत सगळं भरून निघणार नाही. सेतुबंध, म्हणजे मागचं राहिलेलं भरून काढायचा उजळणीवर्ग, दोन आठवड्यांत उरकायचा विधी समजू नका. रोज परिपाठानंतरची चाळीस मिनिटं तिसरी ते सातवीची मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार तीन गटांत बसवा, तीन शिक्षकांना तीन गट. अक्षर ओळखणाऱ्यांचा गट सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडं द्या, अतिथी शिक्षकाकडं ढकलू नका. पहिली-दुसरीला तेवढा वेळ चित्र आणि पाटीचं काम द्या.

स्वयंमूल्यमापनाबद्दल थोडं. शाळेनं स्वतःला तपासायची शाळासिद्धी ही राष्ट्रीय चौकट २०१५ पासून आहे, त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आणि प्रत्येकाला तीन पातळ्या. तुमच्या आढाव्याचा नमुना वेगळा असला तरी रीत तीच: आधी शाळा स्वतःला तपासते, मग बाहेरचे ताडून बघतात. जी शाळा स्वतःला सगळीकडं तिसरी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी देते तिचा पुढचा एकही शब्द कुणी खरा धरत नाही. सॅट्सवर (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत) भरलेले एफए-एसएचे, म्हणजे आकारिक आणि संकलित चाचण्यांचे गुण आणि वाचनाची यादी जुळत नसतील तर ती विसंगती लपवू नका. गुण फुगलेत हे मान्य करा आणि पुढच्या एफएपासून कसे देणार ते सांगा.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. पथकातल्या सगळ्यांना मराठी येईल असं नाही. दप्तर कन्नडमध्ये नीट ठेवा, नकाशाचा एक पानी सारांशही कन्नडमध्ये करा. पण मुलांशी आणि पालकांशी बोलणं मराठीतच व्हावं, आणि मराठी जाणणारा एक सदस्य असावा अशी विनंती बीईओंकडं (गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं) आत्ताच लेखी द्या, सीआरपींना, म्हणजे आपल्या शाळासमूहाच्या समन्वयकांना, तोंडी सांगून थांबू नका. यात भांडण नाही. राज्यघटनेचं ३५०अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करायला सांगतं. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, म्हणजे भाषावार प्रांतरचनेच्याच वर्षी, आपला भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा. मुलाला समजलंय की नाही हे त्याच्याच भाषेत विचारल्याशिवाय कळणार कसं?

एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची बैठक बाजाराच्या दिवशी किंवा सकाळी अकराला ठेवू नका, आया शेतावर असतात. आम्ही संध्याकाळी देवळात बसायचो. वाचनाची यादी तिथं सगळ्यांपुढं वाचू नका, मुलाची लाज निघते. ज्याच्या त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगा. एक आजी मला म्हणाली होती, "गुरुजी, शाळेत जातंय म्हणजे येत असंल असं वाटलं." पुढचे दोन महिने ती नातवाला रोज रात्री समोर बसवून वाचायला लावत होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तो कुठं अडखळतो ते तिला बरोबर कळायचं.

पथक आलं की नकाशा आणि वाचनाची यादी पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या हातात द्या, मग वर्गात न्या. शेवटी एकच मागणी लेखी ठेवा, दहा नको. तुमच्याकडं ती बहुधा कायम शिक्षकाची असेल.

तीन शिक्षकांत सात वर्ग आत्ता कसे वाटलेत, कोण कुणाबरोबर बसतं, ते खाली लिहा. त्यावरून चाळीस मिनिटांचं वेळापत्रक बसवून देतो.