ससा उचलला की लाथा मारतो, मांडीवर बसत नाही. असं का?

तुम्ही लिहिलंय की ससा हातातून कोथिंबीर खातो, पायांत घुटमळतो, पण उचलला की लाथा झाडतो, ओरबाडतो आणि सोडला की कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो. त्याला आम्ही आवडत नाही का, आणि मांडीची सवय कशी लावायची, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर: आवडता. नावडत्या माणसाच्या पायांत ससा घुटमळत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला रुचणार नाही: लावू नका.

ससा हा दुसऱ्यांच्या तोंडी जाणारा प्राणी. रानात त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटले की समजायचं, कुणीतरी धरलं. तुमच्या मनात माया असते हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. वरून हात आला की ती घार. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचं, वरचं जवळपास सगळं दिसतं, नेमकं नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं तेवढं दिसत नाही. म्हणजे आपण लाडाने नाकापुढे बोटं नाचवतो ती दिसत नाहीत, आणि पाठीवर झेपावणारा पंजा लख्ख दिसतो.

या विषयावर मी जरा जास्तच बोलते, कारण यावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही इंदिरानगरला राहतो. लेकीच्या हट्टापायी बुंदी आली, पांढरी, कानांवर तपकिरी ठिपके. थोरले दीर नाशिकरोडला असतात, त्यांच्याकडे लॅब्रेडोर आहे. तो पाहुण्यांच्या अंगावर चढतो, सोफ्यावर घोरतो, आणि भाऊजींच्या मते जनावर पाळणं म्हणजे तेच. बुंदी लांब बसते हे त्यांना पहिल्यापासून खटकायचं. "तुम्ही तिला माणसात आणलीच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गणपतीत सगळे आमच्याकडे जमले होते. मी आत मोदकांच्या मागे. बाहेर भाऊजींनी बुंदीला उचललं, दिवाणावर बसून मांडीत उताणं केलं आणि पोटावरून हात फिरवायला लागले. मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं म्हणे, ससा असा धरला की झोपतो. ती निपचित पडली. पोरांनी व्हिडिओ काढले, जावेने "अगं बाई, किती गोड" केलं, आणि भाऊजी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, प्रेमाने धरलं की कशी झोपते."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. झोपली कसली! डोळे सताड उघडे, पापणी लवत नव्हती. पुढचे पाय छातीशी आखडलेले, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. याला झोप म्हणत नाहीत, याला थिजणं म्हणतात. पकडीतून सुटता येत नाही म्हटल्यावर प्राणी मेल्यासारखा पडतो, पकड सैल झालीच तर निसटता यावं म्हणून. मी म्हटलं, "भाऊजी, खाली ठेवा तिला, घाबरलीय ती." तर म्हणे, "तू उगाच बाऊ करतेस. गावाकडे आम्ही शेतातला ससा धरून आणायचो, तोसुद्धा मांडीवर गप्प बसायचा."

तेवढ्यात आरतीसाठी कुणीतरी झांजा उचलल्या. पहिल्या आवाजाला बुंदीने जी उसळी घेतली, भाऊजींच्या मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक रेघ. ती फरशीवर आपटली, घसरत घसरत दिवाणाखाली गेली आणि तिथून मागचा पाय धपाधप आपटायला लागली. पुढची पंधरा मिनिटं अख्खं घर भाऊजींच्या हाताभोवती. हळद आणा, कापूस आणा, इंजेक्शन घ्यावं लागेल का. दिवाणाखाली वाकून बघणारी मी एकटी. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला नको तर नको, कशाला धरावं?" त्या निफाडकडच्या, गोठ्यात वाढलेल्या. पण मोठ्या मुलापुढे त्यांचं तरी कोण ऐकतं!

त्या दिवशी बुंदीने रात्री उशिरापर्यंत गवताला तोंड लावलं नाही. सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर आतडं थांबण्याची भीती असते, त्यात ससे दगावतात, म्हणून मी जागीच होते. शेवटी बाहेर आली आणि खायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कण्यावरून दोन बोटं दाबत शेपटीपर्यंत तपासलं, मागचे पाय ओढून पाहिले आणि ठीक आहे म्हणाले. नशीब. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या फक्त ७-८ टक्के असतो, मांजराचा १२-१३. उलट मागच्या पायांत ताकद एवढी की हवेत झटका मारला तर स्वतःचाच कणा मोडतो. मग मागचे पाय कायमचे लुळे. तुमचा ससा लाथा झाडतो त्याला "नाटकं" म्हणणारे लोक हे लक्षात घेत नाहीत.

आणि तो शेतातला ससा. माळावर दिसतो तो ससा आणि आपला पाळीव ससा या वेगळ्या जाती आहेत. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं करणारा. आपल्या सिन्नरच्या माळावरचा बिळं करत नाही, गवतात दबून बसतो. त्याला धरून आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते सोडा. तो मांडीवर गप्प बसायचा कारण भीतीने गारठलेला असायचा. त्यातले किती जगले, हे मी भाऊजींना विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

त्यांचं एक म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. लहानपणी हाताळलेला ससा माणसाला कमी घाबरतो. पण हे लहानपण म्हणजे जन्मानंतरचे पहिले काही दिवस, पिल्लं घरट्यात असतात आणि आई दिवसातून एखाद-दोनदा काही मिनिटं पाजून जाते, तेव्हाचं. दुकानातून आपल्या हातात पिल्लू येतं तोवर ती वेळ टळलेली असते. शिवाय माणसाची भीती जाणं वेगळं आणि अधांतरी लटकणं आवडणं वेगळं. आपल्यालाही लहानपणी गालगुच्चे घेणारे काका ओळखीचेच होते की.

आता तुम्ही काय करायचं? जमिनीवर बसा. खुर्चीवर नाही, दिवाणावर नाही, खाली. गुळगुळीत टाइल्स असतील तर सतरंजी टाका, सशाच्या तळव्यांना मांजरासारखी गादी नसते, तो घसरतो आणि घसरला की बिथरतो. पुस्तक वाचा, लसूण सोला, त्याच्याकडे बघू नका. तो येईल, वास घेईल, तुमच्यावर हनुवटी घासेल. तिथे त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे तुम्ही त्याच्या मालकीचे झालात. मग डोकं खाली घालून समोर बसला तर कपाळावरून कानांच्या मुळापर्यंत हात फिरवा. दात हलके कुरकुरले तर खूश आहे. कोथिंबिरीची काडी चालते. द्राक्षं मात्र नाशकात स्वस्त म्हणून वाटीभर घालू नका, साखरेने पोट बिघडतं.

एप्रिल-मेमध्ये तर जवळ घ्यायचं नावच काढू नका. पारा चाळिशीला टेकतो, सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. तेव्हा त्याला आपली मांडी नको असते, मोरीजवळची शहाबादी फरशी हवी असते. बुंदी दुपारभर तिथे लांबलचक पसरते.

ज्यांना कुशीत घ्यायलाच जनावर हवंय त्यांनी ससा आणू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मुलांना "खेळायला" म्हणून तर अजिबातच नको. भाऊजी म्हणतात, मग पाळायचा कशाला, नुसता बघायला? हो, बघायला. संध्याकाळी तो खोलीभर धावतो आणि मध्येच हवेत वळून उडी मारतो, ते बघायला.

हे लिहिताना लक्षात आलं की काही गोष्टी राहिल्या. काही ससे खरंच मांडीवर येतात, पण आपण होऊन. आले तर बसू द्या, धरून ठेवू नका. आणि आधी उचलू देणारा ससा अचानक चिडायला लागला तर स्वभावावर ढकलू नका. दात, तळव्यांच्या जखमा, पोट, काहीतरी दुखत असेल, डॉक्टरांकडे न्या.

उचलावं तर कधी ना कधी लागणारच, नखं असतात, डॉक्टर असतो. कान किंवा मानगूट धरून कधीच नाही, दुकानदार काहीही दाखवो. खाली बसूनच उचला, एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, अंगाशी घट्ट, म्हणजे सुटला तरी वीतभरच पडेल. ठेवताना सगळ्यात जास्त उसळतो, म्हणून पिंजऱ्यात ठेवताना तोंड तुमच्याकडे आणि पाठ आत, असा सरकवा. प्रवासाच्या पेटीत रोज थोडं गवत टाकत राहिलात तर स्वतःच जाऊन बसतो आणि डॉक्टरांकडे नेताना उचलावंही लागत नाही. आम्ही तसंच करतो. यंदाच्या गणपतीत बुंदीची पेटी आतल्या खोलीत होती आणि दाराला बाहेरून कडी. भाऊजींनी विचारलं, "ससा कुठाय?" मी म्हटलं, "झोपलीय."