फ्रेम उघडा, आकडे बघा : वाचकांचे प्रश्न

दुर्बिणीतून आकाशाचे फोटो घेणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली, बहुतेकांनी शेवटी एकच विचारलंय की कॅमेरा बिघडला का. पत्रं नीट वाचली तर एकाचाही बिघडलेला वाटत नाही, सगळं सेटिंगमध्येच अडकलंय. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय कारण तीच अडचण थोड्या वेगळ्या शब्दांत अजून तिघांनी लिहिलीय.

प्रश्न : कूलिंगवाला रंगीत कॅमेरा आहे. लाइट फ्रेम्स (आकाशाचे प्रत्यक्ष फोटो) नीना या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमधून घेतल्या, १८० सेकंद, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) १००, उणे १० डिग्री. नंतर ढग आले म्हणून डार्क (कॅप लावून घेतलेल्या अंधाऱ्या फ्रेम्स) दुसऱ्या दिवशी शार्पकॅप या दुसऱ्या कॅप्चर सॉफ्टवेअरमधून घेतल्या, गेन तोच, तापमान तेच, वेळ पण तेवढाच. तरी सिरिल या फोटो प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्क वजा केली की नेब्युलाच्या (तेजोमेघाच्या) आजूबाजूचं आकाश काळंकुट्ट होतं, मधेमधे भोकं पडल्यासारखं दिसतं आणि फ्लॅट (कोपऱ्यांतला अंधार भरून काढायला घेतलेली एकसारख्या उजेडाची फ्रेम) लावूनही कोपरे काळेच राहतात. सेन्सर गेला का?

उत्तर : सेन्सर गेला नाहीये, आधी ती काळजी सोडा. तुमच्या पत्रात गेन आहे, तापमान आहे, वेळ आहे, फक्त ऑफसेटचा उल्लेख कुठेच नाही आणि माझा संशय सरळ तिथेच जातो.

ऑफसेट म्हणजे काय ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचं आपोआप उलगडतं. सेन्सर वाचताना प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात थोडा नॉइज येतो, कधी वर कधी खाली. आता अंधारात पिक्सेलचा खरा आकडा शून्याच्या जवळपास असतो, नॉइज खाली गेला तर तो उणे व्हायला हवा, पण कॅमेरा उणे आकडा लिहूच शकत नाही, तो शून्य लिहून मोकळा होतो आणि तेवढी माहिती कायमची गेली. हे होऊ नये म्हणून कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये एक ठरावीक आकडा आधीच मिळवून ठेवतो, तोच ऑफसेट. डार्कमध्येही हा आकडा असतो, लाइटमध्येही असतो, वजाबाकी केली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पण दोन्हीकडे सारखा असेल तरच.

समजा तुमच्या लाइटमध्ये ऑफसेटमुळे ५०० मिळवले गेलेत आणि आकाशाचा स्वतःचा उजेड २०० आहे, म्हणजे बॅकग्राउंड ७००. डार्क घेताना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट वेगळा होता, तिथे ८०० मिळवले गेले. ७०० मधून ८०० वजा केले तर उणे १००, आणि १६ बिटच्या फाइलमध्ये तो शून्य होऊन बसतो. हीच तुमची भोकं. फ्लॅटचं गणितही इथेच फसतं, कारण फ्लॅट म्हणजे भागाकार, आणि भागाकार तेव्हाच बरोबर येतो जेव्हा वजाबाकीनंतर फक्त प्रकाश उरलेला असतो. जास्तीचं वजा झालं असेल तर कोपरे काळे राहतात. उलट कमी वजा झालं असतं तर कोपरे उजळून वर आले असते, तेही लक्षात ठेवा, पुढे कधीतरी कामाला येईल.

आता हे तपासायचं कसं, तर एक लाइट आणि एक डार्क घ्या आणि दोघांचा फिट्स हेडर (फाइलमध्ये सेटिंग लिहून ठेवलेला भाग) शेजारी शेजारी उघडा. सिरिलमध्ये हेडर बघता येतो. त्यात गेन, ऑफसेट, एक्सपोजरचा वेळ, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं), सेट केलेलं तापमान आणि प्रत्यक्ष तापमान, एवढ्या ओळी एकेक करून जुळवा. प्रत्यक्ष तापमान मुद्दाम म्हणतोय, उकाड्यात कूलर १०० टक्के पॉवरवर गेला तरी उणे १० गाठत नाही, सेट तापमानाची ओळ मात्र उणे १० च दाखवते. डार्क करंट (अंधारातही उष्णतेमुळे साठणारा सिग्नल) साधारण दर ६ डिग्रीला दुप्पट होतो, त्यामुळे ४-५ डिग्रीचा फरक पण डार्कमध्ये दिसतो. अजून एक, शार्पकॅपमध्ये कलर स्पेस रॉ८ (८ बिट) वर राहिलं नव्हतं ना ते बघा, डार्क रॉ१६ (१६ बिट) मध्येच हव्यात. आणि काही कॅमेऱ्यांत रीड मोड नावाचा पर्याय असतो, तो पण दोन्हीकडे एकच पाहिजे.

हा घोळ होतो कसा तर प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रत्येक ड्रायव्हर आपापली सेटिंग वेगळी लक्षात ठेवतो. कंपनीच्या ड्रायव्हरने जोडला तर एक ऑफसेट, अॅस्कॉम या सामायिक ड्रायव्हर पद्धतीने जोडला तर त्याच्या स्वतःच्या खिडकीत भरलेला दुसरा, आणि सिक्वेन्समध्ये (आपोआप फ्रेम्स घेण्याच्या यादीत) गेन-ऑफसेटची जागा रिकामी ठेवली की कॅमेऱ्याचा डिफॉल्ट जो काही असेल तो. गेन आपण रोज बघतो म्हणून तो जुळतो, ऑफसेटकडे कोणी बघत नाही. माझ्या हातून हेच झालंय, दोन रात्रींच्या लाइट्स ज्या ऑफसेटवर होत्या त्यावर डार्कच नव्हत्या, आठवडाभर मी फ्लॅटचं पॅनल दोषी धरून बसलो होतो. शेवटी दोन हेडर शेजारी ठेवले तेव्हा दोन मिनिटांत कळलं. तेव्हापासून गेन आणि ऑफसेटचे आकडे मी सिक्वेन्समध्ये प्रत्येक वेळी हाताने भरतो, जागा रिकामी सोडत नाही.

लाइट्स मात्र फेकू नका, त्या चांगल्या आहेत. लाइटच्या हेडरमध्ये जो ऑफसेट आहे तोच नीनामध्ये भरा, कॅप लावा, कॅमेरा अंधाऱ्या जागी ठेवा आणि डार्क पुन्हा घ्या. कूलिंगचा मोठा फायदा हाच की हे काम दिवसासुद्धा होतं. २०-३० डार्क पुरेत. फ्लॅटच्या डार्क किंवा बायस (कॅप लावून सगळ्यात छोट्या एक्सपोजरच्या फ्रेम्स) मात्र फ्लॅटच्या हेडरमध्ये जो ऑफसेट आहे त्याला घ्या.

ऑफसेट किती ठेवावा हे तिघांनी विचारलंय. कॅप लावून सगळ्यात छोट्या एक्सपोजरची बायस घ्या आणि स्टॅटिस्टिक्सच्या खिडकीत किमान आकडा बघा. नीना किमानच्या पुढे तो आकडा किती पिक्सेलना आलाय तेही दाखवतं. तिथे किमान ० आणि पुढे चार-पाच हजार असं दिसलं तर तितके पिक्सेल कापले गेलेत, ऑफसेट वाढवा आणि पुन्हा बघा. किमान शून्याच्या बऱ्यापैकी वर आला, हिस्टोग्रामच्या (पिक्सेलच्या आकड्यांच्या आलेखाच्या) टेकडीची डावी बाजू भिंतीला न टेकता पूर्ण खाली उतरलेली दिसली की थांबा. नंतर गेन बदललात तर ही तपासणी परत करावी लागते, कारण गेनबरोबर नॉइजचे आकडेही फुगतात.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम येते तेव्हा नेब्युला छान दिसतो, तीच फाइल दुसरीकडे उघडली की पूर्ण काळी, चार तारे फक्त. सेव्ह होताना डेटा जातो का?

उत्तर : नाही, डेटा आहे तसाच आहे. कॅप्चर करताना सॉफ्टवेअर ऑटो स्ट्रेच करून दाखवतं, म्हणजे अंधारातला भाग ताणून पडद्यापुरता उजळ करतं, फाइलमध्ये मात्र न ताणलेला डेटा जातो आणि तोच आपल्याला हवा असतो. सिरिलमध्ये खाली डिस्प्ले लिनिअरवरून ऑटोस्ट्रेचवर घ्या, लगेच दिसेल. आणि याचं दुसरं टोक जास्त महत्त्वाचं आहे : ऑटो स्ट्रेच चालू असताना पडद्यावर छान दिसतंय म्हणून एक्सपोजर बरोबर आहे असं कधीच धरू नका. ताऱ्यांची केंद्रं जळालीत का ते कमाल आकड्यावरूनच कळतं. इथे एक बारकावा, १२ बिटचा कॅमेरा असेल तर सॉफ्टवेअर आकडे १६ ने गुणून लिहितं, त्यामुळे तो ६५५३५ ला (१६ बिटच्या कमाल आकड्याला) कधी पोचतच नाही, ६५५२० ला भरतो. १४ बिटचा ६५५३२ ला. त्यामुळे "अजून भरला नाही" असं वाटून एक्सपोजर वाढवत बसू नका.

प्रश्न : गुरूचा व्हिडिओ घेताना लोकांना शंभरच्या वर फ्रेम्स मिळतात, मला ९ च्या पुढे जात नाही. एक्सपोजर १० मिलिसेकंद, फुल फ्रेम १९३६ बाय १०९६, रॉ१६. लॅपटॉप नवीन आहे, केबल हबमधून आणलीय.

उत्तर : तुम्ही सगळे आकडे दिलेत म्हणून खूप बरं वाटलं, कारण त्यातच उत्तर आहे. १० मिलिसेकंदाला सेकंदाला १०० फ्रेम्स निघायला काही हरकत नाही, म्हणजे एक्सपोजर आड येत नाहीये. आता एका फ्रेमचं वजन काढा : १९३६ गुणिले १०९६ म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, झाले ४२ लाख बाइट, ४.२ एमबी. यूएसबी २ मधून प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबीच्या आसपास जातं. चाळीसला ४.२ ने भागा, साडेनऊ. तुमचा ९ हा आकडाच सांगतोय की कॅमेरा यूएसबी २ च्या वेगाने बोलतोय. हब जुना असेल किंवा केबल तशी असेल, कॅमेरा थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला त्याच्या मूळ केबलने लावून बघा.

पण हब बदलायच्या आधीच एक करा, गुरूभोवती ६४० बाय ४८० ची चौकट घ्या आणि रॉ८ करा. फ्रेमचं वजन ०.३ एमबीवर येतं आणि त्याच केबलमधून १०० च्या आसपास फ्रेम्स निघू शकतात. ग्रहांसाठी हजारो फ्रेम्स एकत्र होणार असतात त्यामुळे ८ बिट पुरतात, इथे काही गमावत नाही. वेग हवा कारण गुरू स्वतःभोवती दहा तासांपेक्षा कमी वेळात फिरतो, रेकॉर्डिंग लांबलं की बारीक तपशील पुसले जातात. फ्रेम्स गळत असतील तर यूएसबी टर्बो किंवा यूएसबी लिमिटचा स्लायडर थोडा खाली आणा, तो शंभरावर ठेवला की वेग वाढतोच असं नाही, कधी कधी कनेक्शनच तुटतं.

प्रश्न : रंगीत कॅमेरा असून फ्रेम काळी-पांढरी येते, झूम केलं की बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी. डिबेअर केलं तर मृगातला तेजोमेघ निळा दिसतो.

उत्तर : जाळी दिसणं बरोबर आहे, तो कच्चा डेटा आहे, प्रत्येक पिक्सेलवर एकच रंगाची फिल्टर असते आणि रंग नंतर डिबेअर करताना तयार होतात. निळा दिसतो कारण बेअर पॅटर्न (रंगीत फिल्टरची मांडणी) उलटा पकडला गेलाय, लाल आणि निळ्याची अदलाबदल झालीय. आरजीजीबी असेल तर बीजीजीआर करून बघा. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश लाल असतो त्यामुळे मृगाचा तेजोमेघ लालसर-गुलाबी यायला हवा, ही तुमची खूण. पॅटर्न चुकण्याचं एक वेगळं कारण असंही असतं की एक सॉफ्टवेअर फाइल वरून खाली वाचतं, दुसरं खालून वर, आणि ओळी उलटल्या की पॅटर्नही बदलतो. त्यामुळे चित्र उभं उलटलंय का तेही त्याच वेळी बघा.

प्रश्न : रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) लावल्यापासून प्लेट सॉल्व्ह (ताऱ्यांवरून फोटोची जागा ओळखणं) होतच नाही.

उत्तर : ऑप्शन्समध्ये फोकल लेंग्थ जुनीच राहिलीय. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ६०० मिमी असेल तर एका पिक्सेलला १.२९ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग), ०.८ च्या रिड्यूसरने ४८० मिमी होतात आणि तोच आकडा १.६२ वर जातो. सॉल्व्हर चुकीच्या मापाने तारे शोधत बसतो. ४८० भरा. बिनिंग बदललं असेल तर तेही बघा.

प्रश्न : डीएसएलआर जोडलाय, १२० सेकंदांची फ्रेम ४ मिनिटांनी येते आणि सॉफ्टवेअर मधेच टाइमआउट दाखवतं.

उत्तर : कॅमेऱ्याच्या मेनूत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढ्याच वेळाची डार्क स्वतः घेतोय, म्हणून बरोबर दुप्पट वेळ. ते कॅमेऱ्यातूनच बंद करा, सॉफ्टवेअरमधून बहुतेक वेळा होत नाही, आणि डार्क शेवटी एकदाच वेगळ्या घ्या, कॅमेरा गार व्हायच्या आत.