सनलेस सी या गेममध्ये लंडनला परत पोचायच्या आतच दर वेळी कॅप्टन मरतो. तीन गेले, त्यातले दोन इंधन संपून. म्हटलं अजून एकच बेट बघून घेऊ, आणि संपलं. दिवा बंद ठेवून चालवावं का?

तुमचे तीन कॅप्टन गेले, त्यातले दोन इंधन संपून. दिव्याबद्दल सांगतोच, पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य माझ्या नजरेत भरलं: "म्हटलं अजून एकच बेट बघून घेऊ." माझे पहिले चार कॅप्टन याच वाक्यावर गेले.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी: फेलबेटर गेम्स या लंडनच्याच कंपनीचा हा २०१५ चा गेम. व्हिक्टोरियन काळातलं अख्खं लंडन वटवाघळांनी जमिनीखाली पळवून नेलंय आणि आता ते एका अफाट काळ्या समुद्राच्या काठावर वसलंय. समुद्राला तिथले लोक 'झी' म्हणतात. मालिकांच्या चॅनेलशी काही संबंध नाही. तुमच्याकडे एक जुनाट वाफेची बोट, मूठभर खलाशी, थोडं इंधन आणि थोडा शिधा. ऊन नाहीच, त्यामुळे दिवस-रात्र हा प्रकारही नाही.

आता दिवा. पुढचा दिवा लावला की खलाशांची भीती हळू वाढते, पण इंधन जास्त जळतं आणि लांबच्या जनावरांनाही तुम्ही दिसता. विझवला की नेमकं उलटं. म्हणजे "बंद ठेवू का" याला एकच एक उत्तर नाही. मी किनाऱ्याला धरून जाताना किंवा दिव्याच्या बोयांजवळ विझवतो, कारण तिथे भीती तशीही फार चढत नाही. मोकळ्या काळ्या पाण्यात लावतो. समोर खेकडा दिसला की परत विझवायचा आणि लांबून वळसा घालून निघायचं. लढायचंच असेल तर त्याच्या पाठीमागे राहा, तोंडासमोर नको. सुरुवातीच्या तोफेने शौर्य गाजवायला जाऊ नका.

भीतीचा आकडा १०० ला गेला की खलाशी बंड करतात. मी नाशिकचा, त्यामुळे हा आकडा मी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखा वाचतो. गोदावरीला पूर आला की आमच्याकडे अजूनही पहिला प्रश्न हाच असतो, मारुतीला पाणी कुठवर आलं? पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. ऑगस्ट २०१९ मध्ये तर मारुती पूर्ण पाण्याखाली होता. पण गोदाकाठचा टपरीवाला छातीपर्यंत यायची वाट बघत नाही, पाणी गुडघ्याला लागलं की सामान उचलायला लागतो. भीती पन्नासला आली म्हणजे पाणी कमरेला आलं असं समजा. मग नवीन बेट अगदी समोर दिसत असलं तरी बोटीचं तोंड लंडनकडे.

इंधनाचंही तसंच. निघतानाचं अर्धं संपायच्या आत वळायचं. अर्ध्यावर नाही, अर्ध्याच्या आधी, कारण परतताना काहीतरी आडवं येतंच.

माझा दुसरा कॅप्टन कसा गेला ते सांगतो. जुलैची रात्र, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. खोलीत अंधार, स्क्रीनवरही अंधार. बोटीत मशरूम वाइनचे पिंप भरलेले. नाशिकचा माणूस वाइनवर नाही तर कशावर पैसे लावणार? इंधनाच्या पैशांची वाइन घेतली होती आणि कुठल्याच बंदरात मनासारखा भाव मिळाला नव्हता. भीती ८१. इंधन २. दिवा विझवला की भीतीचा आकडा चढायचा, लावला की इंधनाचा उतरायचा. मी बसलोय बटण दाबत, लाव, विझव, लाव. बायकोने कूस बदलून विचारलं, "काय टकटक चाललीय?" लंडन नकाशावर दोन बोटांवर होतं तेव्हा इंधन शून्य झालं. त्यानंतर गेम जे पर्याय पुढे ठेवतो त्यातला एकही चांगला नसतो. वाइन मात्र शेवटपर्यंत शाबूत होती.

तेव्हा सुरुवातीला व्यापार करूच नका. मालाच्या खरेदी-विक्रीत इथे सुटतं फारच थोडं, पैसा माहितीत आहे. प्रत्येक बंदरात पहिलं काम म्हणजे पोर्ट रिपोर्ट, म्हणजे त्या बंदराची खबर घ्यायची. लंडनला ॲडमिरल्टीच्या, म्हणजे आरमाराच्या, सर्व्हे ऑफिसात तो रिपोर्ट दिला की पैसे आणि थोडं इंधन मिळतं. लंडनमध्ये इंधन १० इकोला (इको हे गेममधलं चलन) एक आणि शिधा २० ला, यावरून हिशोब मांडा. सॉल्ट लायन्स या ठिकाणचा दगड लंडनला वाहून न्यायचं कामही पहिल्या काळात बरं पडतं.

पहिली फेरी छोटी ठेवा: व्हेंडरबाइट, हंटर्स कीप, मटन आयलंड, आणि घरी. मटन आयलंडच्या नावावर जाऊ नका, आखाडाचा बेत नाही तो. हंटर्स कीपला तीन बहिणी जेवायला बसवतात, तिथे पुन्हा पुन्हा जा, पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. लंडनच्या आसपासची ही बेटं जागेवरच राहतात. लांबची मात्र नव्या कॅप्टनबरोबर इकडची तिकडे होतात, म्हणून "मागच्या वेळी इथेच होतं" या भरवशावर इंधन जाळू नका. चुकलात तर बोटीवरून एक वटवाघूळ उडवा, जमीन कुठल्या दिशेला आहे ते सांगतं.

आणि मेलात तरी सगळं जात नाही. पुढच्या कॅप्टनला वारसा निवडता येतो, त्यात आधीच्याचा नकाशाही घेता येतो, मग बेटं हलत नाहीत. थोडे पैसे जमले की लंडनच्या घरी मृत्युपत्र करून ठेवा. फारच जीव जात असेल तर सेटिंगमध्ये मर्सिफुल मोड आहे, त्यात हवं तेव्हा सेव्ह करता येतं. मी पाचव्या कॅप्टनपासून तेच करतोय आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.