हिवतापात काढा चालेल का?

प्रश्न : मुलाला (वय ९) व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनने ताप गेला, आता १४ दिवसांच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई त्याला गुळवेल-काडेचिराइताचा काढा देतात, मधुमेही सासऱ्यांनाही पाजतात. ताप नाही, तर गोळ्या थांबवून नुसता काढा चालेल का?
– एक वाचक, कुरखेडा

उत्तर : गोळ्या थांबवू नका. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. प्रायमाक्विन, म्हणजे या १४ दिवसांच्या गोळ्या, असतात त्या त्यांच्यासाठी. हा ताप मुळातच एक दिवसाआड चढतो. मधल्या दिवशी काढा पाजला की श्रेय काढ्याला!

गोळ्या संपेपर्यंत काढा बंद ठेवा. कडू काढा रिकाम्या पोटी उलटतो, आणि गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरच शंका घेतली. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, आत खोड हिरवे. खोडावर ठसठशीत गाठी असलेली तिची बहीण यकृताला घातक. पुडीतल्या चूर्णात कोणती, हे कसे कळणार?

लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर प्रायमाक्विन थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. जी-सिक्स-पी-डी हे रक्तातले विकर (एन्झाइम) कमी असले की या गोळीने रक्तपेशी फुटतात, कावीळ होऊ शकते. त्यात काढाही चालू असला, तर कावीळ नेमकी कशाची हे लवकर उलगडत नाही.

सासऱ्यांचा काढाही थांबवा. काडेचिराईत साखर उतरवू शकते, मधुमेहाची गोळी तर उतरवतेच. साखर फार उतरली की दरदरून घाम, हातांना कंप – घरात मलेरियाचा रुग्ण असताना हेही हिवतापाचेच वाटते. आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

तान्ह्या बाळाला कडुलिंबाचे तेल मात्र थेंबभरही पाजू नये. उलट्या, गुंगी आणि झटके येऊ शकतात.

प्रश्न : दवण्याच्या काढ्याने मलेरिया बरा होतो का?

उत्तर : नाही. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे औषध काढतात दवण्याच्या चिनी भावंडापासून, आर्टेमिसिया ॲन्युआपासून. त्याच्याही चहाची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. पानागणिक औषधाचे प्रमाण बदलते. अपुऱ्या मात्रेने ताप दबतो, जंतू उरतात. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा जास्त घातक प्रकार असेल तर तेवढ्या दिवसांत तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. ताप आल्या दिवशीच आशाताईंच्या किटवर रक्त तपासून घ्या.