‘आगाऊ’ म्हणजे उद्धट का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण बडोद्यात वाढलात, घरी मराठी आणि शाळेत गुजराती, आणि आता नोकरीनिमित्त पुण्यात आलात. बैठकीत वरिष्ठ बोलत असताना आपण मध्येच त्यांचा एक आकडा दुरुस्त केलात, आणि नंतर विभागातल्या एक ज्येष्ठ बाई हसत म्हणाल्या, ‘फारच आगाऊ आहेस हं तू!’ गुजरातीत ‘अगाउ’ म्हणजे नुसते ‘पूर्वी’, आणि कचेरीच्या कागदांत ‘आगाऊ रक्कम’ म्हणजे आधी दिलेले पैसे. मग बाईंनी आपल्याला उद्धट म्हटले का, त्याऐवजी ‘धीट’ म्हणता आले नसते का, आणि स्वतः आपण पत्रात ‘आगाऊ सूचना’ असे लिहावे की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

त्यांनी आपल्याला उद्धट म्हटलेले नाही. ‘आगाऊ’मधला ठपका बोलण्याच्या सुरावर नसून पाळीवर असतो. संस्कृत ‘अग्र’पासून आलेला हा शब्द, ‘आगेकूच’मधला ‘आगे’ त्याच घरातला आणि सरकारी मराठीतला ‘अग्रिम’ही त्याच मुळाचा. हप्त्याची तारीख येण्यापूर्वी दिलेले पैसे जसे आगाऊ, तसेच आपली पाळी येण्यापूर्वी उघडलेले तोंडही आगाऊ. त्यामुळे पैशांचा ‘आगाऊ’ आणि माणसाचा ‘आगाऊ’ हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात असे नाही. शब्द एकच आहे आणि दोन्हीकडे ‘ठरल्या वेळेच्या आधी’ हाच अर्थ धरून आहे. फरक इतकाच की पैसे आधी आले तर सर्वांना आवडते.

हे पडताळून पाहायचे असेल तर घरातली दोन दृश्ये डोळ्यांसमोर आणा. जमिनीच्या वाटणीबद्दल आजोबा आणि काका बोलत बसले आहेत, आणि दहा वर्षांची नात अगदी गोड आवाजात म्हणते, ‘आजोबा, मागच्या वेळी तुम्ही वेगळंच सांगितलं होतं.’ आवाजात तिळमात्र उर्मटपणा नाही, बहुधा तिचे म्हणणे खरेही आहे, तरी ती आगाऊ ठरते, कारण तिला कोणी विचारलेले नव्हते. आता तिच्या मोठ्या भावाला आई विचारते, ‘कुठे गेला होतास?’ आणि तो तोंड वर करून म्हणतो, ‘तुला काय करायचंय?’ त्याला विचारले होते, म्हणजे बोलण्याची पाळी त्याचीच होती. म्हणून तो आगाऊ नाही, उद्धट आहे. ‘उद्धट’च्या मुळाशी असलेला संस्कृत ‘उद्धत’ हा शब्द ‘वर उचललेला’ असा अर्थ सांगतो, आणि ‘तोंड वर करून बोलणे’ हा आपला वाक्प्रचार जवळजवळ तेच चित्र काढतो. म्हणूनच वाहकाविरुद्ध किंवा कारकुनाविरुद्ध तक्रार लिहिताना ‘उद्धट वर्तन’ असे लिहितात. ‘आगाऊ वर्तन’ अशी तक्रार कोणी केली तर साहेबांना हसू येईल. नातीला ज्या म्हणीने गप्प केले जाते ती ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हणसुद्धा घासाच्या चवीविषयी काहीच बोलत नाही, फक्त तोंड आणि घास यांच्या मापाविषयी बोलते.

मापाचाच विषय निघाला म्हणून ‘फाजील’ या शब्दाकडेही लक्ष वेधतो. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘उरलेला, शिल्लक, अधिक’ असा, आणि तिकडे तो विद्वानालाही लावतात. मराठीत ‘फाजील आत्मविश्वास’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त विश्वास, आणि ‘फाजीलपणा’ म्हणजे मर्यादेबाहेरचे वागणे. आधीचे ते आगाऊ आणि अधिकचे ते फाजील. दोन्ही शब्द मुळात हिशेबाच्या वहीत शोभणारे, आणि दोन्हींनी मराठीत असभ्य धिटाईचे काम पत्करले आहे. ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ म्हणतानाही आपण शहाणपणाला नाव ठेवत नाही, ‘जास्त’ला ठेवतो.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. ‘आगाऊ’ हा शब्द नेहमी वरून खाली वाहतो : आजी नातवाला म्हणते, शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात, सासू सुनेला म्हणते (आणि सुनेच्या बाबतीत तो जावयापेक्षा फार लवकर तोंडावर येतो, हेही नोंदवायला हवे). ‘आमचे साहेब आगाऊ आहेत’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही कानाला खटकते, कारण ते उच्चारताच बोलणारा साहेबांच्या वर जाऊन बसतो. ज्याच्यावाचून आपले काम अडते आणि जो जुमानत नाही, त्याच्यासाठी मराठीत ‘मुजोर’ आहे : मुजोर रिक्षाचालक, मुजोर अधिकारी, मुजोर ठेकेदार, असे मथळे वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. हिंदीतला ‘मुँहजोर’ हा लगामाला न जुमानणाऱ्या घोड्याचे विशेषण आहे, तोच हा शब्द. चूक स्वतःची असून वर आवाज चढवणारा तो ‘शिरजोर’, आणि ‘चोर तो चोर, वर शिरजोर’ या म्हणीत त्याची जागा पक्की आहे. मुजोर आणि शिरजोर या दोन शब्दांत माया कधीच नसते. ‘आगाऊ’त ती बऱ्याच वेळा असते, विशेषतः एकवचनी ‘तू’ आणि मागोमाग ‘हं’ आले की. बाईंनी आपल्याला समज दिली हे खरे, पण घरच्या मुलीला देतात तशी दिली.

‘धीट’ म्हटले असते तर मात्र समजेचा भाग गळून गेला असता. संस्कृत ‘धृष्ट’पासून प्राकृतात ‘धिट्ठ’ आणि त्यातून मराठीत ‘धीट’ झाला. मुळात त्या शब्दात शौर्य आणि निलाजरेपणा दोन्ही नांदत होते : द्रुपदाच्या मुलाला त्याच्या धाडसामुळे धृष्टद्युम्न हे नाव मिळाले, आणि काव्यशास्त्रात मात्र अपराध उघड दिसत असूनही न लाजणाऱ्या नायकाला ‘धृष्ट’ म्हटले आहे. मराठीने या दोघांची वाटणी करून टाकली. झिजलेल्या ‘धीट’कडे शौर्य आले, आणि मूळ रूपातल्या ‘धृष्ट’कडे व ‘धार्ष्ट्य’कडे मर्यादाभंग राहिला. हिंदीत याच घराण्यातला ‘ढीठ’ हट्टी आणि निर्लज्ज माणसाला लावतात, म्हणून हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्यासमोर एखाद्याला ‘धीट’ म्हणून गौरवताना जरा जपावे. शिवाय ‘धृष्टता’ हा शब्द माणूस स्वतःविषयी नम्रतेने वापरतो : व्यासपीठावर ‘आपल्यासारख्या जाणकारांपुढे बोलण्याची धृष्टता करतो’, आणि साध्या बोलण्यात ‘थोडा आगाऊपणा करून विचारू का?’ पुढच्या बैठकीत आकडा दुरुस्त करावासा वाटला तर हे दुसरे वाक्य आधी टाका. पाळी मागून घेतली की आगाऊपणाचा आरोप उरत नाही.

राहता राहिली पत्राची गोष्ट. ‘आगाऊ’ माणसाच्या आधी आला की त्याचा अर्थ आगंतुक तोंडाळपणाचाच होतो. रक्कम, वेतनवाढ, नोंदणी, आरक्षण यांच्या आधी आला की वेळेचाच होतो. पंचाईत होते ती बोलण्याच्या गोष्टींपाशी. ‘त्यांनी आगाऊ उत्तर पाठवले’ या वाक्यातून उत्तर मुदतीपूर्वी आले की उत्तरात मर्यादा सुटली, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. प्रश्न, सल्ला आणि सूचना यांचेही तसेच. म्हणून ‘आगाऊ सूचना’ चुकीची नसली तरी आपण ‘पूर्वसूचना’ लिहावे, विशेषतः पत्र त्याच वरिष्ठांना जाणार असेल तर. विशेषण म्हणून शब्द लिंगवचनाने बदलत नाही (आगाऊ मुलगा, आगाऊ मुली), आणि ‘आगावू’ असे जे लिहिलेले दिसते ते ‘जावू’ आणि ‘खावू’ यांच्याइतकेच अशुद्ध आहे. शेवटी स्वतंत्र दीर्घ ‘ऊ’ हवा, आणि तो ‘आगाऊपणा’तही दीर्घच राहतो.